भरलेली टाकी

खिंडीचं शेवटचं वळण चढता चढता जीप अडखळली, दोन हिसके दिले आणि बंद पडली. मागं बसलेली पोरं आधी हसली. ह्यांनी किल्ली फिरवली, इंजिन नुसतं घरघरलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मग हे खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि आत बघत उभे राहिले.

"काय झालं वं?" मी पुढच्या सीटवरनं विचारलं.

"काय न्हाई. फिल्टरला कचरा आला आसंल."

"डिझेल हाय न्हवं?"

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी जणू त्यांचं कूळच काढलं. "सकाळीच टाकी भरलीया," म्हणाले. "तोंडापातूर."

त्या दिवशी दहावीचा बीजगणिताचा पेपर होता, अकराला. आमच्या मोरवण्याला शाळा होती दहावीपर्यंत, पण परीक्षेचं केंद्र तालुक्याला, खिंडीच्या पलीकडं. एसटी यायची तिच्या मनात आलं तर. म्हणून दरवर्षी मार्चमध्ये पोरांना न्यायला-आणायला आमच्या ह्यांची जीप ठरलेली. आणि पोरी असतात, तर एक बाईमाणूस सोबत पाहिजे, असं आईबापांचं म्हणणं. मी अंगणवाडीची सेविका. ही सगळी पोरं मी बडबडगीतं म्हणत, नाक पुसत वाढवलेली. त्यामुळं त्या दिवसांत अंगणवाडी मदतनीस बाईवर सोपवून मी जीपमध्ये बसायची, आणि पेपर सुटेपर्यंत केंद्राबाहेर झाडाखाली त्यांच्या पिशव्या राखायची.

मागनं हिंदुरावची सुवर्णा वाकून म्हणाली, "काकी, किती येळ लागंल?"

"होईल आत्ता. तू सूत्रं वाच."

"सूत्रं पाठ हायत मला," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. त्या पोरीला सगळंच पाठ असायचं. बापानं तिला सांगून ठेवलं होतं, की पहिल्या झटक्यात पास झालीस तर पुढं कॉलेज, नाहीतर आपलं घर आणि चूल. हिंदुराव बोलेल ते करणारा गडी, चांगलं असो की वाईट.

आता त्या जीपच्या काट्याचं सांगते. डिझेलचा काटा कितीतरी वर्षं मेलेला होता. टाकी भरलेली असो की रिकामी, तो आपला तळाला झोपलेला. मेस्त्री म्हणायचा, आतला फ्लोट गेलाय, टाकी उतरवू, बदलून टाकू. हे ऐकतील तर शपथ. "काट्याकडं बघूनच गाडी चालवायची, तर ड्रायव्हर कशाला पायजे?" म्हणायचे. नवा माणूस पुढं बसला की घाबरून सांगायचा, काका, डिझेल संपलंय. जुने लोक हसायचे. ह्यांना तेवढंच पाहिजे असायचं.

पण ह्यांची शिस्त होती, ते मी नाकारत नाही. रोज सकाळी पहिली फेरी फाट्यावर. फाटा खिंडीच्या विरुद्ध अंगाला, खाली, आणि पंप फाट्यावरच. माणसं उतरली की गाडी थेट पंपावर. तिथं मशिनीवर "झिरो दाखव" म्हणून सांगायचं, आणि झिरो बघितल्याशिवाय नळी टाकीत जाऊ द्यायची नाही. टाकी कधी पार तळाला जाऊ द्यायची नाही, तळाचा गाळ पाईपात येतो. आणि पंपावर टँकर रिकामा होत असला तर थेंब घ्यायचा नाही, कारण खालचा हौद ढवळलेला असतो. "मी तासभर बसंन," म्हणायचे, "पण गाडीला गढूळ पाजणार न्हाई." डिझेल संपून ह्यांची गाडी रस्त्यात उभी राहिली, असं त्या भागात कुणी कधी बघितलं नव्हतं. मी टोमणा मारायची, घरातलं मीठ संपलेलं तुम्हाला कळत नाही, टाकीतलं बरं कळतं. त्या वर्षी तर चहा प्यायला की थोड्या वेळानं पुन्हा म्हणायचे, चहा न्हाई दिलास आज. मी म्हणायची, दोन कप पाहिजेत तर सरळ मागा की, नाटकं कशाला.

तर ह्यांनी सीटखालनं लांब तार काढली, टाकीचं झाकण उघडलं आणि तार आत सोडली. बाहेर काढली ती कोरडी. बोटांनी पुसून बघितली. पुन्हा सोडली, पार तळाला टेकवली. टोकाला थोडं काळं लागलं, बस.

ह्यांचा चेहरा मी आजही विसरले नाही. घरी चोरी झाल्यावर माणूस उघड्या पेटीकडं बघतो, तसे त्या तारेकडं बघत होते.

"डिझेल काढलंय कुणीतरी," म्हणाले.

"कुणी काढंल? फाट्यावरनं आला ते घरी भाकरी खायला बसला तुमी. गाडी स्टँडवर हुती."

"तवाच. पाईप लावून वडलंय."

तेवढ्यात खालनं गाडीचा आवाज आला. संपतची जीप. संपत आमच्याच गावचा, ह्यांनीच त्याला गाडी शिकवलेली. पुढं त्यानं स्वतःची जुनी जीप घेतली आणि ह्यांच्याच मार्गावर माणसं भरून न्यायचं वडाप सुरू केलं. त्यावरनं दोघांत कधी भांडण नव्हतं. नंबर लावून गाड्या भरायचे. आमची बंद गाडी बघून त्यानं कडेला घेतली आणि उडी मारून आला.

"काका, काय झालं?"

 मीच म्हणाले, "डिझेल संपलंय."

संपत हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करते. मग ह्यांच्या हातातली तार बघितली. "माझ्याकडं कॅनमदी हाय वाईच," म्हणाला. "घाला, पाईपातली एअर काढू, पोचतील पोरं."

तो कॅन घेऊन आला. ह्यांनी कॅनकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"ह्यो कुणाच्या टाकीतनं भरला?"

"आँ?"

"सकाळी तुझी गाडी माझ्या गाडीला लागून हुती. हुती का न्हवती?"

"हुती की. नंबरला हुती."

"आन आता तुझ्याकडं कॅन भरलेला, माझी टाकी सुकी. मी काय येडा हाय?"

संपतला आधी कळेचना. कळलं तेव्हा म्हणाला, "काका, तुमी मला ष्टेरिंग धराय शिकवलं. मी तुमचं डिझेल चोरीन?"

"म्हणूनच. पाईप कुटनं घालायचा ते बी माझ्याकडनंच शिकला आसशील."

मी हे सगळं ऐकत होते आणि माझा जीव पेपरात अडकलेला. पोरं खाली उतरून उभी राहिली होती. एकाचं तोंड रडवेलं झालं होतं. मी म्हणाले, "आवं, आधी पोरं पोचवा, मग काय मारामारी करायची ती करा. संपत, तुझ्या गाडीत जागा कर."

संपतनं आपल्या माणसांना विनवलं. बहुतेक जण उतरले. एक म्हातारा अडून बसला, मला डागदरकडं जायचंय म्हणाला, त्याला राहू दिलं. पोरं पळत निघाली. तर हे त्या गाडीच्या दारात आडवे.

"चोराच्या गाडीतनं पोरं जायची न्हाईत. आईबापानं माझ्या भरवशावर धाडलीत."

"अहो, पेपर हाय त्यांचा."

"मी नेतो. मी आणलीत, मी नेतो."

"कशानं नेताय?"

"डिझेल घेऊन येतो फाट्यावरनं."

फाटा खाली, मागं, गावाच्याही पलीकडं. ते कसं जाणार, कधी येणार, काही विचार नाही. मी त्यांच्याकडं बघत राहिले. हट्टी होते हे, मान्य. पण असा वेडा हट्ट मी कधी बघितला नव्हता. माणसं कुजबुजायला लागली. संपत कॅन हातात धरून तसाच उभा. सुवर्णा पुढं आली आणि म्हणाली, "काका, सोडा की. मला जायचंय." अगदी हळू म्हणाली. ह्यांनी तिच्याकडं बघितलं, पण हलले नाहीत.

किती वेळ गेला तिथं, मी सांगू शकत नाही. जेवढा जायला नको होता तेवढा गेला. शेवटी मी ह्यांचा दंड धरला आणि ओढून बाजूला केलं. चारचौघांत नवऱ्याच्या अंगाला हात लावायची माझी पहिलीच वेळ. हे बाजूला झाले. वाटलं होतं त्यापेक्षा सहज झाले, अंगात जोर नसल्यासारखे. पोरं चढली. मीही चढले. मागं वळून बघितलं तर हे तार हातात घेऊन पुन्हा टाकीपाशी गेले होते.

संपतनं गाडी अशी चालवली, की मी डोळे मिटून भैरोबाचं नाव घेत होते. पोचलो तेव्हा केंद्राचं फाटक बंद होतं. शिपाई म्हणाला, अर्ध्या तासानंतर आत सोडत नाहीत. मी केंद्रप्रमुखांना बोलवा म्हटलं. ते आले. चांगला माणूस होता, डोळ्यात कणव होती, पण मान हलवत होता.

"बाई, वर्गात पेपर वाटून केव्हाचे लिहायला लागलेत. मी आत्ता यांना घेतलं तर उद्या माझी नोकरी जाईल आणि यांचा पेपरही रद्द होईल."

"गाडी बंद पडली हो. पोरांची काय चूक?"

"काही चूक नाही," ते म्हणाले. "पण नियम आहे."

संपतनं तर त्यांचे पाय धरले. ते मागं सरकले, म्हणाले, असं करू नका, मला लाज वाटते. आणि आत निघून गेले. पोरं फाटकाच्या गजांना धरून उभी. सुवर्णा तेवढी धुळीत बसली, हॉलतिकीट मांडीवर ठेवून. रडली नाही. मला वाटतं, पुढचं सगळं तिला तिथंच कळलं असावं.

 परत येताना मी संपतच्या शेजारी बसले होते. खिंड जवळ आली तेव्हा तो म्हणाला, "काकी, पोरांची शपथ घेतो. मी हात लावला न्हाई."

 मनातून मला वाटत होतं, की यानंच केलं. दुसरं काय वाटणार? ह्यांनी टाकी भरली म्हणजे भरली. सूर्य उगवला का, असं कुणी तपासून बघतं का?

खिंडीत हे जीपमध्येच बसले होते. आम्हाला बघून उतरले आणि पोरांना विचारलं, "कसा गेला रं पेपर?"

पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी सांगितलं. हे टपाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या गाडीनं कवा कुणाचं काम बुडवलं न्हाई." मग पुन्हा तेच म्हणाले. मला त्यांची इतकी दया आली, की त्याच क्षणी मी ठरवलं, संपतची चोरी मी शाबीत करणार. फाट्यावर कुणी त्याला कॅन घेऊन फिरताना बघितलं असेल, कुणाला तरी ठाऊक असेल. मी घरी गेले नाही. खाली जाणारी एसटी मिळाली, तशी फाट्यावर गेले.

पंपावर शिवाप्पा होता. वर्षभरापूर्वीच लागलेला, कर्नाटकाकडचा. मी विचारलं, "सकाळी आमच्यांनी डिझेल घेतल्यावर संपत आला होता का इकडं?"

तो म्हणाला, "काकांनी कुठं घेतलं डिझेल?"

"म्हणजे?"

"टँकर आला होता ना. काका म्हणाले, हौद ढवळलाय, थांबतो. तिथं बाकावर बसले. चहा मागवला, मलाबी पाजला. टँकर गेला. मी म्हटलं, आता जरा गाळ बसू दे. ते हो म्हणाले. मग उठले, गाडीत बसले, चालू केली. मी हाक मारली, काका, डिझेल? तर म्हणाले, भरलं न्हवं का आत्ता? मला वाटलं, चेष्टा करतात. हात केला आणि गेले."

मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, शब्दात फरक नाही. चेष्टा करतात, असं त्याला वाटलं. मला तो चहाचा दुसरा कप आठवला. पण तेव्हाही मी म्हटलं, घाईत विसरले असतील. पोरांच्या पेपरची घाई होती. माणूस विसरतो. घरी जाऊन दार लावून एकट्यात सांगीन, ते संपतला दोन शब्द गोड बोलतील, मिटून जाईल.

गावात पोचले तर दिवेलागण झाली होती आणि भैरोबाच्या देवळासमोर माणसं गोळा झालेली. पोरांचे आईबाप, दोन्हीकडची भावकी, बाया कडेला. हिंदुराव मधे उभा. त्याचा आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट.

"माझ्या पोरीचं वरीस गेलं," तो म्हणत होता. "मला भरपाई नको, काय नको. मला फक्त कळू द्या, कुणी केलं. मग त्यानं या गावात गाडी लावायची न्हाई."

आमच्याकडं अशा वेळी बेलभंडारा उचलायचा रिवाज. देवापुढं ताटात बेल आणि भंडारा ठेवायचा. दोघांनी तो उचलून आपलं म्हणणं सांगायचं. खोटं बोलून उचलला तर घर बसतं, असं मानतात. मी शिकलेली आहे, अंगणवाडीत मुलांना लस टोचून घ्या म्हणून सांगत फिरते, पण त्या ताटाला मीही भ्यायची. आमच्या गावात खोटा बेलभंडारा उचललेलं घर होतं एक. त्यांच्या अंगणात अजून कुणी पाणी पीत नव्हतं.

संपतनं पहिला उचलला. बोलला स्पष्ट. "मी काकांच्या टाकीला हात लावला असंल तर माझं वाटुळं हू दे." त्याची आई कडेला बसून पदरानं डोळे पुसत होती.

लोक ह्यांच्याकडं बघायला लागले. हे पुढं सरले. चेहऱ्यावर कसली म्हणून शंका नाही. पायातली चप्पल काढून, टोपी नीट करून, शांतपणे ताटाकडं हात नेला. मी गर्दीतून वाट काढत होते. बाया म्हणाल्या, कुठं चाललीस. मी पोचले आणि ताटावर माझा हात ठेवला.

"उचलू नका," मी म्हणाले.

"सर बाजूला."

"घरी चला, मग सांगते."

"काय सांगायचं ते हितं सांग," हिंदुराव म्हणाला. "आज सगळ्यांच्या म्होरं हू दे."

मी ह्यांच्याकडं बघितलं. संपतच्या आईकडं बघितलं. काय करायला पाहिजे होतं मी? नवऱ्याला देवापुढं खोटं बोलू द्यायचं, आणि त्या पोराची गाडी बंद करायची? पोटच्या पोरासारखा जेवायचा तो आमच्यात. दुसरी वाट असती तर मी घेतली असती.

"ह्यांनी डिझेल घेतलंच न्हाई," मी म्हणाले. "मी पंपावर जाऊन आले. टँकर हुता. चहा पिऊन आले तसेच."

देवळापुढं आवाज उठला आणि लगेच बसला. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. कुणी ओळखीचं माणूस अनोळखी भाषेत बोलावं, तसं.

"तू मला खोटं पाडतीस? हितं?"

"खोटं न्हाई पाडत. विसरला तुमी. घाईत विसरला, त्यात काय एवढं. शिवाप्पानं सांगितलं मला."

"कोण शिवाप्पा?"

"पंपावरचा."

"पंपावर कुणी शिवाप्पा न्हाई," हे म्हणाले. मग लोकांकडं वळले आणि लहान मुलाला सांगावं तसं समजावून सांगायला लागले. "सकाळी पंपावर गेलो. टँकर-बिंकर काय न्हवता. रघूला म्हटलं, झिरो दाखव. त्यानं दाखवला. रघू म्हणाला, दादा, तुमच्यासारखं झिरो बघणारं गिऱ्हाईक मला दुसरं न्हाई. मी म्हटलं, म्हणूनच टिकलोय. तोंडापातूर भरली, फडकं लावून पुसली. विचारा की रघूला. आत्ता माणूस धाडा."

 हिंदुरावनं बेलभंडाऱ्याचं ताट मागं सरकवलं.

रघू पंपावर होता पुष्कळ वर्षं. आदल्या पावसाळ्यात गेला, छातीत कळ येऊन. त्याला घरी नेलं ते आमच्याच जीपमधून. मागच्या सीटा ह्यांनीच काढल्या होत्या, आणि त्याच्या दाराशी पोचेपर्यंत रडत होते. तिथं उभ्या असलेल्या निम्म्या लोकांनी ते बघितलेलं.

"विचारा की," हे पुन्हा म्हणाले. लोकांच्या तोंडाकडं बघत. "का गप बसलाय सगळी?"

संपत पुढं आला. सकाळपासून ज्यानं शिव्या खाल्ल्या, तोच आला. "काका, चला, घरी जाऊ," म्हणाला आणि त्यांचा हात धरला. ह्यांनी हात झटकला. माझ्याकडं बोट केलं. "हिनं," म्हणाले, "हिनं मला देवापुढं खोटं पाडलं." आणि चप्पल न घालताच निघून गेले.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फार नाही. कराडच्या डॉक्टरनं डोक्याचे फोटो काढले आणि मला कितीतरी वेळ समजावलं. मला एवढंच कळलं, की गेलेलं परत येत नाही, आणि राहिलेलंही जाणार. दुसऱ्याच दिवशी लायसन मी डब्यात घालून कुलूप लावलं. जीप भंगारात गेली, काट्यासकट. बाकीची पोरं ऑक्टोबरला बसली, पास झाली. सुवर्णाला हिंदुरावनं बसवलं नाही. मी दोनदा त्याच्या दारात गेले. तो म्हणाला, "काकी, तुमच्यावर राग न्हाई माझा. पण मी बोललो हुतो." दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. लग्नात मी अक्षता टाकल्या, पण तिच्याकडं बघवलं नाही. मधे एकदा ती अंगणवाडीत आली, आपल्या पोराला घेऊन. मला म्हणाली, "काकी, ह्याला लवकर अक्षरं शिकवा." मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणू?

हे माझ्याशी बोलायचे बंद झाले ते त्या रात्रीपासूनच. सांगायचं असलं तर लेकीला फोन करून सांगायचे, तुझ्या आईला म्हणावं. मी विचार करायची, विसरायचंच आहे ना, तर हे आधी विसरा. देवाला तेवढंच मागायची. पण त्यांनी संपतला विसरून टाकलं. तो रोज येऊन दाढी करून द्यायचा, त्याला म्हणायचे, पैसं किती झालं. लेकीला विसरले. गावाचं नाव विसरले. गाडी चालवायचो हेसुद्धा कधी कधी विसरायचे, हातात थाळी दिली तर तिला ष्टेरिंगसारखी धरून मात्र बसायचे. शेवटी मलाही विसरले. मला बाई म्हणायला लागले, अहोजाहो करायला लागले. ती एक संध्याकाळ तेवढी त्यांच्या डोक्यातून हलली नाही.

शेवटच्या वर्षातली गोष्ट. ओट्यावर बसवून मी त्यांना भात भरवत होते. दोन घास खाल्ले आणि माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "बाई, तुमी कुठल्या?"

"हितलीच."

"मग तुमाला ठावं आसंल. माझ्या बायकोनं चारचौघांत, देवापुढं, मला खोटं पाडलं."

हे रोजचंच. रोज मी म्हणायची, आधी जेवा, मग बोलू. त्या दिवशी मी थकले होते. वाटलं, कशाला आता खरंखोटं. ज्याच्यासाठी खरं बोलले तो संपत आहे सुखात. या माणसाला दोन घास तरी शांतीनं जाऊ देत.

"टाकी भरलेली हुती माझी," हे म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले. "भरलेली हुती. तोंडापातूर. मी बघितली हुती."

त्यांचं चावणं थांबलं.  डोळ्यात पाणी आलं. मला वाटलं, आता हसतील, आता सुटेल हे.

"तुमी हुता तवा देवळात?"

"हुते."

"मग बोलला का न्हाई?"